‘जीव वाचला, मग थुंकीसाठी काय रडायचं?’

पत्र, थोडक्यात: पत्र ६१ वर्षांच्या एका वाचक भगिनींचं आहे. टॉन्सिलच्या कर्करोगासाठी त्यांनी सात आठवडे रेडिएशन घेतलं, एकूण ३५ सिटिंग. ते संपून ११ महिने झाले आणि ताजे रिपोर्ट स्वच्छ आहेत. तोंड मात्र कायम कोरडं. चावताना थोडा ओलावा येतो, पण रात्री जीभ टाळूला चिकटून चार-पाचदा जाग येते. त्यावर उपाय म्हणून दिवसभर आंबट-गोड गोळ्या चघळणं चालू आहे. चारचौघांत जेवणं त्यांनी सोडलं. रोज नातवाला गोष्ट वाचून दाखवायच्या. ‘आजी, तुझ्या तोंडातून टक्‌टक् आवाज का येतो?’ असं त्यानं विचारल्यापासून तेही बंद केलं. घरचे म्हणतात, पाणी पी. आता खालचे समोरचे दोन दात हिरडीलगत काळे पडून मोडायला आले आहेत आणि एका नव्या दंतवैद्यांनी ते काढण्यासाठी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली आहे. रेडिएशनबद्दल त्यांना काही सांगितलेलं नाही, ‘कारण ते घशाचं होतं, आणि आता संपलं’. त्या विचारतात: ‘दात काढून टाकू ना? लाळ परत येईल का? हे कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारायला मन धजत नाही. जीव वाचला, मग थुंकीसाठी काय रडायचं?’

ताई,

तुमच्या पत्रात दातांचा विषय जाता जाता आला आहे. मी सुरुवात तिथूनच करते, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, त्याला नाही.

पुढच्या आठवड्यात दात काढू नका. उद्या सकाळी दंतवैद्यांना फोन करा आणि एवढंच सांगा: ‘अकरा महिन्यांपूर्वी टॉन्सिलसाठी माझं रेडिएशन झालंय, हे मी सांगायचं राहिलं. माझ्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं झाल्यावरच दातांचं ठरवू या.’ ते रागावणार नाहीत. वेळेवर कळलं म्हणून त्यांना हायसंच वाटेल.

‘ते घशाचं होतं’ असं तुम्ही म्हणता, पण टॉन्सिलपर्यंत जाणारे किरण जबड्यातूनच जातात. त्या वाटेवरच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आटतात आणि जखम भरून काढायची हाडाची ताकद कमी होते. एरवी दात काढल्यावर पडलेला खड्डा हळूहळू भरून येतो. रेडिएशन झालेल्या हाडात तो कधीकधी भरतच नाही. हाड उघडं पडतं आणि तेवढा भाग मरतो. डॉक्टर त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात हे जास्त आढळतं. आणि उपचार संपले म्हणून हा धोका संपत नाही. दहा वर्षांनी दात दुखला तरी खुर्चीत बसण्याआधी पहिलं वाक्य तेच बोलायचं: ‘माझं रेडिएशन झालंय.’

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. टॉन्सिलच्या रेडिएशनमध्ये मोठी मात्रा सहसा जबड्याच्या मागच्या भागाला, दाढांच्या बाजूला पोचते. समोरच्या दातांखालचं हाड बरंचसं वाचलेलंही असू शकेल. पण अंदाजावर दात उपटायचा नसतो. कुठल्या भागाला किती ग्रे मिळाले (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) ते तुमच्या उपचाराच्या आराखड्यात नोंदलेलं असतं. दंतवैद्यांना तो आकडा हवा आहे. तो पाहून ते कदाचित रूट कॅनाल करून दात वाचवतील, कदाचित वरचा मोडका भाग कापून मूळ हाडात तसंच राहू देतील. काढावेच लागले तर असे रुग्ण हाताळलेल्या तोंडाच्या सर्जनकडून, हाडाला कमीत कमी इजा करून, पुढे जखमेवर लक्ष ठेवून काढतील. निर्णय त्यांचा, त्यांच्या हातात माहिती देणं हे आपलं काम.

आता लाळेकडे येते.

आपल्या भाषेत या शब्दाला कधी मानच मिळाला नाही. तान्ह्या बाळाला लाळेरं बांधतात, खुशामत करणाऱ्याला लाळघोट्या म्हणतात, अधाशी माणूस लाळ गाळतो. त्यामुळे ‘डॉक्टर, माझी लाळ गेली’ हे वाक्य मोठ्या माणसाला तोंडातून काढायचीच लाज वाटते. तुमच्या संकोचाचा अर्धा भाग मला इथूनच आलेला दिसतो.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती नव्याण्णव टक्के पाणी असते हे खरं, पण सगळी करामत उरलेल्या एका टक्क्यात आहे. घास बुळबुळीत करून घशाखाली सरकवणारी, आम्ल मारणारी, जंतूंना आवरणारी, दाताची झीज भरायला कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरवणारी द्रव्यं त्यात असतात. ‘पाणी पी’ हा घरच्यांचा सल्ला मायेचा आहे, पण तो म्हणूनच अपुरा पडतो. पाणी तोंड ओलं करतं आणि निघून जातं. लाळ चिकटून राहते. घरातल्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

तुमचे नेमके खालचे समोरचे दातच काळे पडले, हे वाचून मी थबकले. एरवी सगळ्यात शेवटी किडणारे दात हेच. जबड्याखालच्या लाळग्रंथींची तोंडं जिभेखाली, अगदी याच दातांच्या मागे उघडतात, त्यामुळे ते दिवसभर न्हात असतात. त्यांनाच हिरडीच्या कडेने कीड लागते तेव्हा झरा आटला हे दातच सांगत असतात. म्हणजे तुम्ही मला दोन वेगळ्या अडचणी लिहिल्यात, पण ती एकच आहे.

आणि त्यात भर घालताहेत त्या आंबट-गोड गोळ्या. आंबटानं तोंडाला पाणी सुटतं, म्हणून बरं वाटतं. तुमची चूक नाही, कुणालाही हेच सुचेल. पण तोंडातलं आम्ल एका मर्यादेपलीकडे गेलं (पीएच साधारण ५.५ च्या खाली) की दातावरचं कवच विरघळायला लागतं. एरवी लाळ ते थोड्या वेळात ताळ्यावर आणते. तुमच्याकडे ते करणारं आता कमी आहे, आणि साखर-आम्लाची गोळी मात्र दिवसभर गालात. आजपासून त्या बंद. त्यांच्या जागी साखर नसलेलं च्युइंगम किंवा साखरविरहित गोळ्या घ्या, झायलिटॉल (दात न किडवणारा गोडवा) असलेल्या मिळाल्या तर उत्तम. पाकिटावर ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं असलं तरी सिट्रिक ॲसिड आहे का ते मागच्या बाजूला वाचा.

लाळ परत येईल का? इथे तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार मोलाची वाटली: चावताना थोडा ओलावा येतो, रात्री मात्र काहीच नाही.

आपल्याकडे मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानांपुढच्या, ज्या गालगुंड झाल्यावर सुजतात, जबड्याखालच्या, आणि जिभेखालच्या. शिवाय ओठ, गाल, टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. कानाजवळच्या ग्रंथी मुख्यतः चावताना जाग्या होतात आणि पातळ, पाण्यासारखी लाळ सोडतात. काही न खाता, नुसतं बसलेलं असताना तोंड ओलं राहतं ते बहुतांशी जबड्याखालच्या जोडीमुळे. झोपेत तर निरोगी माणसाचीही लाळ जवळजवळ थांबते. त्याचं भागतं, कारण आधीचा ओलावा शिल्लक असतो. तेव्हा तुमच्या लक्षणांवरून शक्यता अशी दिसते की कानाजवळची निदान एक ग्रंथी बऱ्यापैकी जिवंत आहे, आणि जबड्याखालच्यांना जास्त मार बसला आहे. टॉन्सिल त्यांच्या शेजारीच, तेव्हा यात नवल नाही. खात्री तुमचे डॉक्टर आराखडा पाहून करतील.

किरणांचा तडाखा साधारणपणे भराभर वाढणाऱ्या पेशींना बसतो. लाळेच्या पेशी सावकाश वाढणाऱ्या, तरी पहिल्याच आठवड्यात त्यांचं काम झपाट्यानं उतरतं. हे कोडं अभ्यासकांना बराच काळ छळत आलंय. पुढे ग्रंथी सावरते की नाही, हे तिला किती मात्रा मिळाली आणि तिच्या नलिकांजवळच्या मूळपेशी (नव्या पेशी घडवणाऱ्या) किती उरल्या यावर ठरतं. कानाजवळच्या ग्रंथीला मिळालेली सरासरी मात्रा २५-२६ ग्रेच्या आत राहिली असेल तर ती बरीच सावरू शकते. ही सुधारणा वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही पुढे, हळूहळू चालते. तुमचे अकराच महिने झालेत, दार अजून बंद झालेलं नाही. पूर्वीइतकी लाळ येईल असं मात्र मी म्हणणार नाही. पुष्कळांना थोडी कमी लाळ घेऊनच पुढे जगावं लागतं, आणि ते जगणं नीट बसवता येतं.

म्हणून डॉक्टरांकडे जायचं. ‘थुंकीसाठी काय रडायचं’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक गृहीत धरलेलं आहे: जीव वाचवणारा एवढं मोठं देऊन गेला, आता बारीकसारीक मागणं म्हणजे कृतघ्नपणा. ताई, या बारीकसारीक गोष्टीसाठी कर्करोगाच्या डॉक्टरांनी रेडिएशनच्या दोन पद्धती रुग्णांवर ताडून पाहणारी सबंध चाचणी उभी केली होती. ब्रिटनमधली ही पारस्पोर्ट नावाची चाचणी. तिचे निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीच्या रेडिएशननंतर वर्षभरानं ७४ टक्के रुग्णांना चांगलाच जाणवेल असा कोरडेपणा होता. आयएमआरटी या नव्या पद्धतीत, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून कानाजवळच्या ग्रंथींना जपणाऱ्या रेडिएशनमध्ये, हेच प्रमाण ३८ टक्के निघालं. २०२१ मध्ये तर आंतरराष्ट्रीय संस्थांनी फक्त या त्रासावर काय करावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुम्ही ज्याला रडगाणं म्हणता ते त्यांच्या कामातच मोडतं. फक्त ते स्कॅनमध्ये दिसत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर ‘रिपोर्ट छान’ म्हणून तुम्हाला घरी पाठवणार, आणि त्यात त्यांचाही दोष नाही.

जाताना हातात काहीतरी ठोस घेऊन गेलात तर बोलणं सोपं जातं. घरी एक गोष्ट करून बघा. सकाळी, खाऊन-पिऊन तासभर झाल्यावर, शांत बसा. जीभ-गाल न हलवता पाच मिनिटं तोंडात जमेल ती लाळ छोट्या वाटीत सोडत राहा आणि बिनसुईच्या सिरिंजनं मोजा. निरोगी माणसाची साधारण दीड-दोन मिलिलिटर भरते. अर्ध्या मिलिलिटरच्या खाली असेल तर लाळ नक्की कमी आहे असं धरतात. ही काही तपासणीची जागा घेणारी गोष्ट नाही, पण वहीत तारीख घालून दर दोन महिन्यांनी लिहिलीत तर सुधारणा होतेय का ते तुम्हालाच दिसेल. आकडा बरा येऊनही कोरडं वाटत राहतं असंही होतं. तेही सांगायचं, वाटणं खोटं नसतं.

डॉक्टरांना पिलोकार्पिनबद्दल विचारा. उरलेल्या ग्रंथींना चेतवणारी ही गोळी आहे, म्हणून जिवंत ग्रंथी शिल्लक असेल तरच तिचा उपयोग. सुरुवातीची मात्रा बहुधा ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. गुण यायला कधी तीन महिनेही लागतात, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळू नका. घाम बराच येतो, लघवीला वारंवार जावं लागतं. आटोक्यात नसलेला दमा आणि काही प्रकारचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही, हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायला हवं. २०२१ च्या त्या तत्त्वांमध्ये ॲक्युपंक्चरलाही पर्याय म्हणून जागा आहे. बरोबर तुमच्या इतर सगळ्या गोळ्यांची यादी न्या. सर्दी-ॲलर्जीच्या, काही नैराश्याच्या, लघवी रोखण्याच्या गोळ्या तोंड आणखी सुकवतात. कधीकधी एक गोळी बदलली तरी रात्र सुधारते. आणि मानेला रेडिएशन झालेल्यांची थायरॉइडची तपासणी ठरावीक काळानं व्हायला हवी. तुमची केव्हा झाली ते त्याच भेटीत विचारून घ्या.

दंतवैद्यांकडे मागायची गोष्ट म्हणजे फ्लोराइड, आणि नेहमीच्या पेस्टमधलं नव्हे. नेहमीच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग) असतं. तुमच्यासारख्यांना ५००० पीपीएमची पेस्ट किंवा जेल लिहून देतात. दातांच्या मापाचे पातळ साचे करून देतात, त्यात जेल घालून रोज रात्री काही मिनिटं लावायचं, थुंकायचं आणि अर्धा तास चूळ भरायची नाही. हे कंटाळवाणं आहे आणि बहुधा जन्मभर करायचं आहे. पण उरलेले दात याच्यावरच टिकतात, तेव्हा यात मी तुम्हाला सूट देणार नाही.

रात्रीसाठी: झोपताना तोंडाला लावायचं लाळेसारखं जेल मिळतं, वाटाण्याएवढं बोटावर घेऊन जिभेला आणि गालांच्या आत फिरवायचं. त्याचा परिणाम पाण्याच्या घोटापेक्षा जास्त टिकतो. खोलीतली हवा दमट करणारं यंत्र पलंगाजवळ ठेवलं तर पुष्कळांना आराम पडतो. जाग आली की घोटभरच पाणी, तेही तोंडात घोळवून. पेलाभर प्यायलात तर लघवीसाठी पुन्हा उठणं आलं. माउथवॉश अल्कोहोलचा नको. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून काही वेळा चूळ भरा. घट्ट, तारेसारखी चिकट लाळ त्यानं सुटते. तोंडाची आग होत असेल, जीभ लालभडक किंवा पांढरी दिसत असेल, ओठांचे कोपरे चिरले असतील तर ती बुरशी असू शकते. नुसता कोरडेपणा समजून सोसू नका, तिच्यावर औषध आहे. फक्त त्या औषधात साखर नाही ना ते विचारा, काहींत असते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं रेडिएशन अजून सुरू व्हायचं असेल तर त्यांनी आजच दंतवैद्य गाठावा. काढावे लागणारे दात निदान दोन आठवडे आधी काढले की जखम भरायला वेळ मिळतो. आणि डॉक्टरांना सरळ विचारावं: माझ्या लाळग्रंथींना किती मात्रा जाणार, त्यातली एखादी वाचवता येईल का? कधीकधी आजाराची जागाच अशी असते की उत्तर ‘नाही’ येतं. तरी प्रश्न विचारलेला बरा.

चारचौघांत जेवण्याबद्दल एकच विचारते. न जेवण्याचं ठरवलंत, पण का ते कुणाला सांगितलंत का? पत्रावरून तसं वाटत नाही. मग घरच्यांनी आपापला अर्थ लावला असणार: हिची भूक गेली, हिचं मन उडालं, ही चिडलीय. ‘मला प्रत्येक घासाबरोबर पाणी लागतं आणि तुमच्या दुप्पट वेळ लागतो, तेवढं चालवून घ्या’ असं एकदा, एकाच माणसाला सांगून बघा. ओलसर, पातळसर जेवण घ्या, बाकीच्यांच्या दहा मिनिटं आधी सुरू करा. गिळताना ठसका लागत असेल किंवा वजन उतरत असेल तर मात्र तो वेगळा विषय आहे. तेव्हा गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवायला डॉक्टरांना सांगा.

आणि नातू. त्यानं हिणवलं नाही हो, त्याला खरंच कुतूहल वाटलं. त्याला खरं उत्तर द्या: ‘माझ्या तोंडातली लाळ कमी झालीय, म्हणून जीभ चिकटते आणि सुटताना वाजते.’ बसण्याआधी तोंडाला जेल लावा, पाणी हाताशी ठेवा, आणि पान उलटायचं काम त्याच्याकडे द्या. तो पान उलटेपर्यंत तुमचा एक घोट होतो.

दंतवैद्यांचा फोन झाला की मला दोन ओळी लिहा.